गजर सोडून उठलेला पखवाजी

असल्फ्याच्या डोंगरावर सुयोग घाडीला गेली आठ वर्षं कुणी बेवडा म्हणालं, तर तो मान खाली घालून पुढे जायचा. या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. घेईल कशाला, वाटीभर उसळ जास्त झाली तरी त्याची वाट लागते! पण हे सांगणार कोण? त्याने स्वतः तोंड उघडलं तर ना.

एकोणतिसाव्या वर्षी त्याचं मोठं आतडं सुजलं, त्यात जखमा झाल्या. रक्त पडायचं, दिवसातून वीस-वीस वेळा पळावं लागायचं. औषधं हरली तेव्हा डॉक्टरांनी ते आतडं काढून टाकलं, लहान आतड्याचं टोक दुमडून आतल्या आत एक पिशवी शिवली आणि ती खाली जोडून दिली. जे-पाऊच म्हणतात तिला. जीव वाचला, खोटं कशाला बोला. पण तेव्हापासून दिवसा सात-आठ वेळा आणि रात्री दोनदा उठणं, हे बारा वर्षं चाललंय. मधूनच ती पिशवी सुजते, मग ताप येतो, आणि कळ आली की दोन मिनिटंसुद्धा थांबता येत नाही.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात तो लेथवर काम करतो. घरापासून गाळ्यापर्यंत संडास कुठे आहेत, कुठल्याला कुलूप असतं, कुठे पाणी नसतं, सगळं त्याला तोंडपाठ. डब्याच्या पिशवीत एक जादा पँट आणि मलमाची ट्यूब असते. चाळीच्या रांगेत उभं राहणं जमेना, म्हणून बायकोने, नीलमने, मोरी तोडून घरातच संडास करून घेतला. शेजारीपाजारी विचारू लागले तर सुयोगने सांगितलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. हागण्यामुतण्याचं दुखणं चारचौघांत कसं बोलायचं म्हणे! बायको सोडून कुणाला म्हणून त्याने सांगितलं नाही. भाऊराव बुवांनासुद्धा नाही, आणि तिथेच घात झाला.

भाऊराव बुवा म्हणजे डोंगरावरचे भजनी बुवा. मालवणकडचे, गिरणीत आयुष्य गेलेलं. सुयोग सात वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या पुढ्यात पखवाज ठेवला आणि पोटच्या पोरासारखं शिकवलं. पोटचा पोर होता त्यांना, दादू. पण दादू दारूत गेला. लिव्हर सडून तिसाव्या वर्षी गेला पोरगा. त्यानंतर बुवांना काय ते सुयोग आणि त्याचा पखवाज.

मग ऑपरेशननंतर चार वर्षांनी ती डबलबारी आली. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गायचं, दुसऱ्याने ऐकून उत्तर द्यायचं, आणि शेवटी गजर. गजराला पखवाज असा चढतो की माणसं बसल्या जागी हलायला लागतात. तिथे पखवाजवाला उठला तर बुवाने काय करावं? तोंडात मारल्यासारखंच ते. सुयोगला हे ठाऊक होतं, म्हणून सकाळपासून तो नुसत्या पेजेवर होता. पण बारीआधी मंडळींना काळ्या वाटाण्याची उसळ वाढायची रीत, आणि त्याच्या पानात बुवांनी स्वतःच्या हाताने वाढली. "जेव रे, हातात जोर होयो!" नाही कसं म्हणायचं? खाल्ली मुकाट्याने.

भर गजरात कळ आली. दात आवळून त्याने चार आवर्तनं काढली. मग पँट ओली झाल्याचं कळलं आणि तो पखवाज टाकून उठला, माणसांच्या मांड्यांवरून पाय टाकत पळाला. मागे बुवांचा आवाज एकटाच राहिला. समोरच्या पार्टीचे लोक हसले.

अर्ध्या तासाने तो पँट बदलून आला. बारी हातची गेली होती. सगळ्या मंडळासमोर बुवांनी त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "दारू घेतलंस काय रे?"

अरे, नाही म्हण ना! पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, मग गेला होतास कुठे? चाळीस माणसं बघत होती. सुयोग म्हणाला, "होय."

बुवा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माज्या दारात परत येव नको." आणि म्हाताऱ्याने हार्मोनियम बंद केली. तिथून पुढे एकही बारी केली नाही त्यांनी.

आठ वर्षं गेली. नीलम सांगून सांगून थकली, "जा ना, सांगून टाक एकदाचं!" हा दर वेळी उद्या म्हणायचा. परवा बुवांच्या मुलीचा, जानकीचा फोन आला. "सुयोगदादा, बाबांचं काही खरं नाही. भेटायचं असेल तर ये." रविवारी दुपारी तो गेला.

बुवा खाटेवर हाडांचा सापळा होऊन पडले होते. सुयोगने पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, पण तोंड भिंतीकडे केलं. सुयोग वाकून त्यांच्या कानाशी हळूच म्हणाला, "बुवा, मी दारू घेतली नव्हती."

"मोठ्यान बोल. ऐकाक येणा नाय."

जानकी म्हणाली, "दोन वर्षं झाली, कान गेलेत. आणि मोतीबिंदू, लिहिलेलं दिसत नाही. ओरडूनच बोलावं लागतं रे."

दार उघडं होतं. गॅलरीत बाया तांदूळ निवडत बसल्या होत्या, पलीकडे पोरं कॅरम खेळत होती. सुयोगला वाटलं, निघून जावं. मग त्याने म्हाताऱ्याचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून ओरडला, "बुवा, मी दारू घेतली नव्हती! माझं आतडं काढलंय! मला थांबवत नाही! त्या दिवशी पँटीत झाली, बुवा! पँटीत झाली म्हणून पळालो!"

गॅलरीतल्या बायांनी तांदळावरून माना वर केल्या. कॅरमची पोरंसुद्धा वळून बघायला लागली. सुयोग हुंदके देत होता, शरमेने की कशाने, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

बुवांनी तोंड वळवलं. मग चाचपडत त्यांनी सुयोगचं पोट शोधलं आणि शर्टावरून हात फिरवला.

"मी दादूसारखो तुकाय मेलो समजलंय रे," ते म्हणाले. "आठ वर्सा तुजा सुतक धरलंय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "तेवाच कित्या नाय सांगलंस, झिला? माज्या कानात सांगलं असतंस तरी पुरे होता. तेवा माका ऐकाक येय होता."