चांगुणाबाईचं चोर काळीज

करावे गावात चांगुणाबाईच्या तोंडी लागायची हिंमत फक्त माझ्यात होती. मोर्च्यात लाठ्या खाल्लेल्या माणसानं कोळंबी विकणाऱ्या बाईला काय भ्यायचं? तरी भ्यायचो. वाशीच्या बाजारात कुणी सोसायटीवाली भाव पाडून मागायला लागली की ही म्हणायची, "मॅडम, नुसता वास घ्या, फुकट हाय."

तिला साखरेचं दुखणं. भगवान कंपाउंडर रोज सकाळी इन्सुलिनची सुई टोचायचा आणि ती रोज त्याच्या खानदानाचा उद्धार करायची. शहाऐंशीच्या नवरात्रात तिनं निव्वळ पाण्यावर उपवास धरला आणि सुई बंद केली. हिशोब सरळ होता. "पोटान दाना नाय, तं साकर कुठशी येल? मंग सुई कनाला?"

दुसऱ्याच दिवशी घागरीनं तहान भागेना, डोळ्यांपुढे अंधारी. सून पुतळानं तिला धरून दवाखान्यात नेलं. भगवाननं लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकून नळी दिव्यावर धरली. साखर नसती तर ते निळंच राहिलं असतं. झालं लालभडक, विटेसारखं. रांगेतल्या सगळ्या बायकांनी पाहिलं.

पुतळा बोलली, "तरी मी म्हनतंय, माल्यावरचं पेढं जातान कुठं!"

झालं. संध्याकाळपर्यंत गावभर एकच: चांगुणाबाई देवीपुढे घट बसवते नि मागून पेढे हाणते. मरणाला ती भीत नव्हती. पण उपवास चोरल्याचा डाग घेऊन मरायचं नव्हतं. अंथरुणावरूनच तिनं मला हुकूम सोडला, "पुढाऱ्या, दवाखान्याव मोर्चा ने. भगवान्याची बाटली खोटी हाय."

मी तावातावानं गेलो. अरविंद डॉक्टर नुकता शिकून आलेला. म्हणाला, "बाटली खरी आहे. बाईही खरी आहे. चला घरी, तिला बघायला हवं." बॅग घेऊन तो आणि भगवान माझ्याबरोबर आले; वाटेत डॉक्टरनं सगळी भानगड मला समजावली. मागोमाग अर्धी आळी.

तिला तपासून डॉक्टर म्हणाला, "मावशी, साखर तुमच्या यकृतानं केली."

"कोन त्यो?"

"काळीज गं," मी म्हटलं.

डॉक्टर पुढे म्हणाला, "आपण खाल्लं नाही की ते स्वतःच साखर रांधतं. इन्सुलिन त्याच्या पेशीच्या दारावर थाप मारतं..."

"पेशी? जमिनीची?" आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. नव्या शहरासाठी जमीन गेलेल्या गावाला दुसरी पेशी माहीत नाही.

"शरीरातली हो. मग निरोप आत केंद्रकात जातो..."

"केंद्रान? म्हंजे दिल्लीला?"

माझं टाळकं सटकलं. "डॉक्टर, बाजूला व्हा! मावशे, पेशी म्हंजे एक वाडी समज. केंद्रक म्हंजे तिथली गावकी. गावकीत हुकूम ठेवलेत, त्यांना जनुकं म्हणतात. त्यातला एक हुकूम, साखर रांधणारे आचारी तयार करा. इन्सुलिन वेशीवर ओरडलं की गावकी तो हुकूम वाचायचाच बंद करते. आचारी घटतात, चूल मंदावते. तू तो ओरडणाराच बंद केलास. बाहेर तू उपाशी, आत भंडारा चाललाय!"

डॉक्टरनं मान हलवली. बाईनं विचारलं, "वेशीवरना गावकीपरयंत निरोप नेतो कोन?"

"ते अजून जगात कुणालाच नीट कळलेलं नाही," डॉक्टर म्हणाला.

"पोरगा खोटा नाय," ती म्हणाली. "म्हंजे मी खाल्ला नाय?"

"एक दाणा नाही."

"पुतले! हिकरं ये! डाक्टर, परत बोल. जोरान."

डॉक्टर ओरडून बोलला. पुतळा खाली बघत पुटपुटली, "मंग पेढं?"

"तुझ्या घोवाला इचार!"

आळी खदखदून हसली. बाईनं दंड पुढे केला. पण डॉक्टरनं सुई वर धरली. "ही टोचली की खावंच लागेल, मावशी. उपाशीपोटी सुई देणार नाही."

उपवास मोडला नव्हता हे मानायचं तर डॉक्टरचं सगळंच मानून सुई घ्यायची, आणि सुई घ्यायची तर उपवास मोडायचा. इतकी पक्की कोंडी मला सरकारचीसुद्धा कधी करता आली नव्हती.

तिनं घटाकडे तोंड केलं. मग हात जोडून म्हणाली, "आये, काल खाल्ला नव्हता. आज खातंय."

आणि सुनेकडे वळली. "पुतले, वरीचा भात टाक. नि ताट भायेर ओट्याव मांड, सगल्यांच्या म्होरं."