आत्याआजीचे चोर हात

मुलांनो, मागच्या रविवारी आपल्या घरच्या ग्रुपवर आत्याआजीच्या फोनवरून 'चहा पानच' एवढाच निरोप आला. तुम्ही दोघांनी हसणारे चेहरे टाकलेत आणि खाली मला लिहिलंत, "आजी, तिच्याकडून काहीतरी चुकून दाबलं जातंय. तिला काही सांगायचं असेल तर तूच लिहीत जा ना, पटकन होईल." त्या 'पटकन'चा मला राग आला. राग उतरला तेव्हा लक्षात आलं की तुमचा दोष नाही. ती कोण आहे हे तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नाही. म्हणून आज टेबलाशी बसून रीतसर लिहिते.

तुमची आत्याआजी, म्हणजे माझी धाकटी नणंद, हिच्याइतकी मदत न करणारी बाई अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरी झाली नाही. शिकणाऱ्याच्या कामाला आपण हात लावायचा नाही, असा तिचा नेम होता, आणि जगातला प्रत्येक माणूस तिला शिकणाराच वाटे. तुमच्या बाबांना बुटाची नाडी बांधायला तिनेच शिकवलं. म्हणजे काय केलं, तर ती समोर पाटावर बसून राहिली. शाळेची प्रार्थना झाली, पहिला तास झाला, दुसऱ्या तासाला बाबा शाळेत पोचले, पण नाडी बांधून पोचले. एकदा जेवताना तुमच्या आजोबांनी लोणच्याची घट्ट बरणी तिच्यापुढे केली, तर म्हणते, "दादा, दुसऱ्या अंगानं फिरवून पाह्य." आजोबा फिरवत राहिले, भात निवून गेला आणि ही शांतपणे ताक पीत होती. मला शिस्त आवडते, पण वेळेत होणारी. आमचं त्यामुळे फारसं जमत नसे.

ती रिठदच्या शाळेत शिक्षिका होती. हजेरी, गुण, फोटो सगळं मोबाइलवरून पाठवायचं असं ठरलं, तेव्हा शिक्षकांनाच शिकवायची वेळ आली, आणि ती कोणी न शिकवता शिकलेली म्हणून तिला प्रशिक्षक नेमलं. रिसोडला एका शाळेच्या हॉलमध्ये चाळीस शिक्षक, तीन दिवस. पहिल्याच दिवशी तिने आपले दोन्ही हात मागे घेतले आणि एका बाईंकडून जुन्या ओढणीने बांधून घेतले. पुढच्या रांगेत निवृत्तीला आलेले एक गुरुजी होते. त्यांचा फोन पिशवीत, पिशवी मांडीवर. फोनचं सगळं काम त्यांची सून करायची. ते मोठ्याने म्हणाले, "काहून बाई, अटक झाली काय?"

"हो गुरुजी," ही म्हणाली. "माहे हात चोर आहेत. तुमचा मोबाइल दिसला का वळवळतात. म्हनून बांधले."

हॉल हसला. पण तीन दिवस ती तशीच बांधल्या हातांनी चाळिसांमध्ये फिरली. कोणी "बाई, तुमीच करून द्या ना" म्हणून फोन पुढे केला की पाठ वळवून बांधलेले हात दाखवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींनी पिशवीतून फोन काढला, चष्मा पुसला आणि सत्तावीस मिनिटं एका बोटाने टिपत राहिले. मग हिचा फोन वाजला. निरोप होता, 'चहा पानचट आहे.' तो निरोप तिने पुढे कित्येक वर्षं जपून ठेवला. मी भेटले की दाखवायची, "वयनी, पाहा. सोताच्या बोटानं लिवलं." पाहुण्यांना लोक मुलांचे लग्नाचे फोटो दाखवतात, ही पानचट चहा दाखवायची.

शेवटी अहवाल भरायचा होता. प्रत्येक नावापुढे 'शिकले' लिहून खाली सही. तिने सतरा जणांपुढे 'शिकले' लिहिलं आणि तेवीस जणांपुढे 'अजून वेळ लागेल'. प्रशिक्षक नेमणारे शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, "बाई, तीन दिवसांचं ट्रेनिंग संपलं." ही म्हणाली, "संपलं न साहेब, नाश्ता बी संपला. पन या तेविस जनांले अजून फोटो पाठवता येत नाही."

साहेब दुसऱ्या दिवशी आमच्या वाशीमच्या घरी आले. ते माझे जुने विद्यार्थी. सोफ्यावर बसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही समजावा. कोरा अहवाल देतो, सगळे 'शिकले' लिहून सही करू द्या, नाहीतर प्रशिक्षकांच्या पुढच्या यादीत त्यांचं नाव ठेवता येणार नाही." त्या कामावर तिचा किती जीव होता हे मला माहीत होतं. विधवा बाई, मुलगा शेतीत, शाळेत कोणी विचारत नव्हतं. इथे चाळीस माणसं तिला पुन्हा वर्ग कधी घेता म्हणून विचारत होती. मी तिला बोलावून घेतलं आणि म्हटलं, "कर ना सही. कोणाचं काय जातं?"

ती म्हणाली, "वयनी, तुमी इतके वर्स इंग्रजी शिकवली. न येनाऱ्या पोराले कधी पास केलं काय?"

केलं होतं. त्यातला एक आदल्या दिवशी माझ्या सोफ्यावर चहा पिऊन गेला होता.

तिने सही केली नाही. पुढच्या यादीत तिचं नाव नव्हतं. पत्र नाही, फोन नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर यादी आली, तिने ती दोनदा वाचली. नव्या प्रशिक्षकांनी नाश्त्याच्या मोठ्या ताटात सगळ्यांचे मोबाइल गोळा केले, स्वतःच सगळं भरलं आणि जेवणाआधी वर्ग संपवला. चाळीसही जण 'शिकले'. प्रमाणपत्रं मोबाइलवर आली आणि ती उघडायला पुष्कळांनी घरी जाऊन सुनेला हाक मारली. साहेबांना त्या कामाबद्दल शाल मिळाली. मीही टाळ्या वाजवल्या. मला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात तिची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. मुलगा-सून जीव लावून करतात, पण तिने फोनकडे डावा हात नेला की सून म्हणते, "द्या आई, मी करून देतो." काय करून द्यायचं ते हिला सांगता येत नाही. त्रास नको म्हणून फोन कपाटावर ठेवून दिला होता.

रविवारी मी एसटीने रिठदला गेले आणि तो खाली काढून तिच्या मांडीवर ठेवला. सुनेने मला चहा दिला, बशीतून थोडा तिलाही पाजला. मग ती डाव्या हाताने टिपू लागली. एक अक्षर, पुसायचं, पुन्हा एक अक्षर. माझे हात किती वळवळले म्हणून सांगू! मी ते मागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले. घड्याळ पाहणं माझ्या स्वभावात आहे. पस्तीस मिनिटं लागली. शेवटचा ट राहिला आणि ती थकली. तेवढ्यात बोट लागून निरोप तसाच तुमच्याकडे गेला. तिने माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या तोंडाने ती हसली असावी. ट मी घातला नाही.

तिचं नाव यादीत नाही, ओढणी कुठे गेली माहीत नाही. डाव्या हाताचं एक बोट चालतं, आणि फोन आता कपाटावर नसतो, तिच्या उशाशी असतो.