धाकल्या मालकांची खुर्ची

गेवराई तालुक्यातल्या ज्या कॉलेजात मी इतिहास शिकवत होते ते कॉलेज, गावचा दूध संघ आणि त्या दुष्काळात उघडलेली चारा छावणी, सगळं एकाच घराच्या हातात होतं. संघाचे चेअरमन अपघातात गेले. त्यांचा मुलगा पुण्यात शिकत होता, अजून अठराचा व्हायचा होता. चेअरमनच्या धाकट्या भावानं तेराव्याच्या मांडवातच सांगून टाकलं, की पोरगं सज्ञान होईपर्यंत खुर्ची मी सांभाळतो. संचालकांनी माना हलवल्या. लोक त्याला धाकले मालक म्हणत.

मला तो माणूस पहिल्यापासून आवडला नाही. छावणीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा आणि कुणाचं जनावर आत घ्यायचं, कुणाचं हाकलायचं, ते नुसत्या बोटानं दाखवायचा. माझे वडील चकलांब्याकडच्या आमच्या वस्तीवरून दोन बैल घेऊन तिथं राहिले होते. त्यांनाही त्याच्यापुढं हात जोडावे लागत. ते बघून माझं डोकं फिरायचं.

वर्गात युरोपातल्या राजघराण्यांचा भाग चालू होता. राजा अल्पवयीन असला की त्याच्या नावानं राज्य चालवणारा राजप्रतिनिधी, हे मी समजावत होते. स्वीडनमध्ये पुतण्या लहान म्हणून चुलत्यानं राज्य चालवलं, तेवढं सांगून झालं आणि एक मुलगी बाकावरूनच म्हणाली, "मॅडम, हे तर आपल्या संघात बी चालू हाय."

वर्ग हसला. मी हसले नाही. म्हटलं, "संघ सहकारी आहे. सभासदांच्या मतावर चालतो. तो कुणाच्या घरातला नाही."

हे मी मुद्दाम बोलले. कुठं पोचणार, तेही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी छावणीवरून बोलावणं आलं. धाकले मालक खुर्चीतून उठले नाहीत.

"मॅडम, आमच्या घरावर धडा घेतला म्हनं तुमी?"

"स्वीडनवर घेतला."

"ते कुठं हाय मला ठावं न्हाई. तुमच्या वडलांची बैलं कुठं हायेत, ते ठावं हाय. उद्या वर्गात सांगा, चुकून बोलले म्हनून."

"चुकले असते तर सांगितलं असतं."

तो आतल्या माणसावर ओरडला, "बे, ती कोपऱ्यातली दोन बैलं सोड!"

वडील भर उन्हात बैल घेऊन निघाले. मी शेजारून चालत होते. वस्ती दिसायला लागली तेव्हा ते बोलले.

"तुला कावून पायजे होतं गं ते? तिकडच्या राजांनी आपल्या बैलांचं काय वाकडं केलतं?"

विहीर कोरडी, कडबा संपलेला. बैल बाजारात गेले. त्यानंतर वडील माझ्याशी बोलेनासे झाले. मी घरी गेले की उठून बाहेर जायचे.

थोड्याच दिवसांत चेअरमनची विधवा माझ्या खोलीवर आली. पदर डोक्यावर, आवाज मात्र करडा. "त्या चुलत्यानं राज्य परत दिलं का, मॅडम?"

"दिलं. पण पुढं सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी पुतण्याला खाली खेचलं, आणि गादीवर तोच चुलता बसला."

"आन् आया? आईनं सांभाळलंय का कुठं?"

"फ्रान्समध्ये, स्पेनमध्ये. कितीतरी जणींनी."

"मंग ते कावून न्हाई शिकवलं?" एवढंच म्हणून ती निघून गेली.

वार्षिक सभेला ती दूध घालणाऱ्या बायकांना ट्रॅक्टर भरभरून घेऊन आली. निवडणूक आताच लावा म्हणाली. धाकले मालक हसले. "वयनी, घरातलं घरात बोलू."

"संघ घरातला न्हाई, भावजी. सभासदांचा हाय."

बायकांनी गलका केला. संचालकांचं काही चाललं नाही, निवडणूक लागली. ती चेअरमन झाली. मी त्या दिवशी शाळकरी पोरीसारखी खूश होते.

पुढं मुलगा अठराचा झाला, पुण्याहून परत आला. त्याला तिनं संघात पाऊल टाकू दिलं नाही. त्याची बाजू घेणाऱ्या दोन संचालकांच्या गाई छावणीबाहेर निघाल्या. मी तिला भेटून विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "मॅडम, तुमाला एकदा वाचवलंय. आता कॉलेजात संघाचं नाव काढू नका." वाचवलं कुठं होतं, ते तिलाच माहीत. बैल तर कधीच गेले होते.

धाकल्या मालकांपेक्षा मला तिचाच राग जास्त आला, कारण तिला मी मनातून निवडून दिलं होतं.

कॉलेजही आता तिच्याच हातात होतं. मी राजीनामा तिच्या टेबलावर ठेवला. न वाचता तिनं सही केली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. महिन्याभरात मी बीडला एका क्लासमध्ये शिकवायला लागले. वडील तिथं कधी आले नाहीत.