मास्तर उभा कुठं राहायचा

यजमान गेल्याला सहा महिने होत आले होते. तेवढ्या काळात आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कुणाकडे काही मागितलं नव्हतं. चहा पुढे ठेवला तर प्यायचे, नाही ठेवला तर विचारायचे नाहीत. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते दौंडला माझ्या थोरल्या नणंदेकडे असतात. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. तिचा फोन आला की मी लगेच उचलत नसे, कारण आता वाईट बातमीची सवय लागली होती. पण त्या दिवशी ती म्हणाली, आप्पांना कुंडावर जायचंय.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. आक्कानं पुन्हा सांगितलं. मास्तर, म्हणजे माझे यजमान, आप्पा त्यांना मास्तरच म्हणत, दरवर्षी शाळेच्या पोरांना घेऊन जायचा ते खडक आप्पांना एकदा बघायचे आहेत, आणि सुनेनंच दाखवायचे असा त्यांचा हट्ट आहे. तिला तिथलं सगळं ठाऊक आहे, असं ते म्हणतात.

शिरूरहून टाकळी हाजीच्या रस्त्याला लागलं की शेवटी कुकडीचं पात्र येतं. पलीकडचा काठ निघोजचा. तिथे नदीनं काळ्या खडकात रांजणासारखे खोल खळगे कोरले आहेत. लोक त्यांना रांजणखळगे म्हणतात, कुणी नुसतं कुंड म्हणतात. लांबून माणसं बघायला येतात. माझे यजमान तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे आणि थंडी पडली की नववीची सहल हमखास तिथे न्यायचे. मुलींबरोबर बाईमाणूस हवं म्हणून मला ओढून नेत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, एक रजा टाकली की झालं.

पण खरी गोष्ट अशी की मी कुंड कधी पाहिलंच नव्हतं. सहलीत सामानाजवळ कुणीतरी बसावं लागतं. वर्गभराची दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या, आणि त्यातच एखादी पोट दुखतं म्हणून आडवी झालेली मुलगी. मी वरच, गाडीजवळच्या सावलीत बसायची. मांडीवर पुस्तक असायचं. मला त्यात कसलाही त्याग वाटत नव्हता, उलट बरंच वाटायचं. मुलं खाली उतरून जायची, त्यांचा गलका कमी व्हायचा आणि मला दोन तास वाचायला मिळायचे. यजमान वर आले की म्हणायचे, आता तू जाऊन बघून ये, मी बसतो. तोवर निघायची वेळ झालेली असायची. पुढच्या वर्षी, असं आम्ही दोघंही म्हणायचो. या गोष्टीबद्दल कुणी कधी विचारलं नाही, त्यामुळे कुणाला ती माहीतही नव्हती.

मला जायचं नव्हतं. त्या दिवसांत एक वेगळाच थकवा होता. झोप झाली तरी जायचा नाही. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आम्हा बौद्धांतला मरणानंतरचा, कार्यक्रम होऊन गेला तरी माणसं येत राहिली. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागे, कधी दुखायला लागलं, कुठल्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर काय म्हणाले. सांगून सांगून ते माझ्याच तोंडी पाठ झालं होतं, आणि पाठ झालेलं सांगताना मला काही वाटत नसे. कुणी दार वाजवलं तर मी तशीच बसून राहायची, वाटायचं जातील परत. पण आप्पांना नाही म्हणायला जेवढं बळ लागलं असतं, त्यापेक्षा जाऊन येणं सोपं होतं.

ते तिघं दौंडहून न्हावऱ्यावरून मला घ्यायला शिरूरला आले. गाडी दाजींची, म्हणजे आक्काच्या यजमानांची. आप्पा पुढे बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. एवढंच. आक्का मात्र शिरूर सुटल्यापासून बोलत होती. उसाच्या ट्रॉलीमागे गाडी अडकली की ट्रॉलीवर, रस्त्याच्या कडेला बिबट्यापासून सावध राहा असा फलक दिसला की बिबट्यावर.

"आमच्या भावानं हिला सगळा मुलूख दाखवला," ती दाजींना म्हणाली. "आन् तुम्ही मला काय दाखवलं, तर दौंडचं जंक्शन."

"ते बघायलाबी लांबून लोक येतात," दाजी म्हणाले.

आप्पा हसले का ते मला मागून दिसलं नाही.

गाडी लावल्यावर दाजींनी सीट मागे पाडली आणि सांगितलं की मी सामानापाशी थांबतो. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं, माझी जागा कुणीतरी घेतल्यासारखं. शेजारी देवीचं मंदिर आहे. आक्का म्हणाली, देवळाशी आपलं काही काम नाही, सावली मात्र कुणाचीही असते, आणि तिथेच टेकून तिनं आप्पांना पाणी पाजलं. मग आम्ही उतरायला लागलो. भेळवाले, सरबतवाला, मोबाइल लांब धरून फोटो काढणारी पोरं, हे सगळं ओलांडत. आप्पा दर थोड्या वेळानं थांबत. मी थांबले की तेही थांबत आणि मला विचारत, दमलीस का.

खाली पोचल्यावर मी पहिल्यांदा ते पाहिलं. पात्रातला सगळा खडक काळा, आणि जागोजाग आतून पोखरलेला. काही खळगे घंगाळाएवढे, काहींत घर मावेल. काठ असे गुळगुळीत की कुणी तरी बसून घासल्यासारखे. तळाशी हिरवं, न हलणारं पाणी. वर माणसांना जायला झुलता पूल आहे, त्याच्यावरून लोक खाली वाकून बघत होते. सुंदर आहे, असं मला वाटलं. पण ते वाटणं कुठे पोचलं नाही, पत्रातली ओळ वाचावी आणि पुढे जावं तसं.

आप्पांनी खळग्यांकडे फारसं पाहिलंच नाही. एका उंच खडकावर बसून श्वास जमवला आणि मग डावीकडे, उजवीकडे नजर फिरवली.

"मास्तर उभा कुठं राहायचा?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना सांगायला लागले. पुरात दगडगोटे खडकाच्या खाचेत अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात, आणि अशी कित्येक वर्षं फिरून फिरून खडकाला भोक पाडतात. यजमान सहलीच्या आदल्या दिवशी घरात फेऱ्या मारत हे सगळं म्हणून बघायचे, मधेच थांबून मला विचारायचे, कळेल ना पोरांना? त्यामुळे मला त्यातला शब्द न् शब्द येत होता.

आप्पांनी ते संपेपर्यंत ऐकलं. "बोलणं त्याचं मला ठाव हाय," ते म्हणाले. "दौंडला आला की मलाबी शिकवायचा. मी कवा आलो न्हाई हितं, ड्यूटी असायची. तवा म्हनलं, आता जाऊन तो उभा राहायचा तिथं जरा उभं राहावं. तेवढी जागा दाव."

आक्का जवळ येऊन उभी राहिली. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी कुठेही बोट दाखवलं असतं तर चाललं असतं. पुलाच्या खांबापाशी एक सपाट खडक होता, कठडाही जवळ होता. आप्पा तिथे जाऊन उभे राहिले असते, आणि आम्ही घरी गेलो असतो. पण मग त्यांनी विचारलं असतं की पोरं कुठे बसायची, तोंड कुठल्या बाजूला असायचं, आणि मला एकामागून एक रचत बसावं लागलं असतं. तेवढी शक्ती माझ्यात नव्हती. शिवाय ते ज्या खडकावर उभे राहिले असते, त्यावर यजमान कधी उभे राहिलेच नसतील, हे मला एकटीला माहीत असलं असतं, आणि त्यांच्याकडे बघत ते सहन करावं लागलं असतं.

"मला माहीत नाही, आप्पा," मी म्हणाले. "मी इथवर कधी आलेच नाही. वर सामानापाशी बसायची."

"दरसाली येत हुतीस की," आक्का म्हणाली.

दरसाली वरच बसायची, असं मी सांगितलं.

आक्का म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचून तू काय बघितलंस गं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच तिला ते जाणून घ्यायचं होतं. आप्पा काठीच्या टोकानं खडकावरची वाळू सारत होते. त्यांचा चेहरा मी टाळला. एवढ्या महिन्यांत त्यांनी मागितलेली एकच गोष्ट, आणि ती देणारं जगात दुसरं कुणी नाही असं धरून ते आले होते.

मार्ग आक्कानंच काढला. त्यानं शिकवलेली पोरं काय थोडी आहेत का, एखाद्याला विचार की, ती म्हणाली. हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे. यजमानांच्या अंत्यविधीला सगळ्यात पुढे राबलेला एक विद्यार्थी होता, आता कंपनीत नोकरी करतो. मी त्याला फोन लावला. तो कामावर होता, मागे मशीनचा आवाज येत होता.

"जय भीम, काकू. सगळं बरं हाय ना?" तो घाबरून म्हणाला. त्याच्याही मनात माझा फोन म्हणजे वाईट बातमी असं बसलं असावं.

मी त्याला विचारलं आणि फोनचा आवाज मोठा केला, आप्पांना ऐकू यावं म्हणून. मशीनचा आवाज लांब गेला, तो बाहेर आला असावा.

"सर उभे कुठं राहायचे?" तो म्हणाला. "सर उभे राहायचेच न्हाईत, काकू. आम्हाला वरच्या खडकावर बसवायचे आन् स्वतः खालनं, कडेकडेनं चालत राहायचे. पुलाच्या खांबापासनं ते पार तो मोठा खळगा हाय ना, तिथपर्यंत. गेले की परत आले. कुणी जरा पुढं सरकलं की सर तिथं हजर. आम्ही हसायचो, म्हणायचो सर राऊंड मारत्यात."

आप्पा फोनकडे वाकले. "आन् खळगं कवा बघायचा?"

"न्हाई बघायचे, आबा. पाठच असायची तिकडं. आमच्याकडं बघत बोलायचे."

त्याला पुढे आणखी काही सांगायचं होतं, पण मागून कुणीतरी त्याला कामाला हाक मारली. मी नंतर फोन करते म्हणाले आणि बंद केला.

"म्हंजी पोराला उभं राहायलाबी मिळत न्हवतं," आप्पा म्हणाले. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. "चल."

आक्का म्हणाली, गुडघे बघा आधी, परत वर चढायचंय. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही पुलाच्या खांबापासून सुरुवात केली. आप्पा वरच्या अंगाला, मी कडेच्या अंगाला, त्यांचा दंड धरून. खडक सरळ नव्हता. माझी नजर त्यांच्या पायांवर होती, त्यामुळे खळगे मला तुकड्या-तुकड्यानं दिसत होते, एखादा काठ, मग थोडं पाणी, मग त्यांची चप्पल. आप्पा खाली बघतच नव्हते. ते वरच्या खडकाकडे तोंड करून चालत होते. तिथे एक कुटुंब भेळ खात बसलं होतं. हा म्हातारा आपल्याकडे का बघतो, म्हणून त्या बाईनं पदर सावरला.

निम्म्याच्या थोडं पुढे ते माझ्यावर जास्त भार टाकायला लागले. मी थांबवलं. ते एका दगडावर बसले आणि तोंडानं श्वास घेत राहिले.

"एवढ्यात मला दम लागला," ते म्हणाले. "आन् हा बोलतबी हुता."

मोठा खळगा अजून बराच पुढे होता. आप्पांनी त्या बाजूला पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू जाऊन ये टोकापर्यंत."

मी त्यांना म्हणाले की आक्का येईपर्यंत थांबते, एकटं सोडत नाही. ते म्हणाले, मी काय पळून जातो काय. मग मी गेले. एकटीनं चालायला फार वेळ लागला नाही. त्या मोठ्या खळग्यापाशी कठड्याला पाठ लावून मी उभी राहिले आणि वळून वर पाहिलं. सबंध उतार दिसत होता, एकही कोपरा आड जात नव्हता. भेळ खाणारं कुटुंब, फोटो काढणारी पोरं, पदर खोचून घाईनं येणारी आक्का, आणि दगडावर बसलेले आप्पा. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. पाठीला लोखंड गार लागत होतं. मी थोडा वेळ तशीच राहिले आणि परत आले.

"दिसतं का तिथनं समदं?" आप्पांनी विचारलं.

"सगळं दिसतं. एक पोरगं सुटणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि उठायला दोन्ही हात पुढे केले. एक आक्कानं धरला, एक मी. वर चढायला आम्हाला बराच वेळ लागला.