चेहरा झाकलेला फोटो

आमचे डॉक्टर प्रत्येक पेशंटला आधी "जेवलात का?" विचारायचे आणि उत्तर न ऐकताच पुढचं बोलायचे. एचआयव्हीच्या जुन्या गोळ्या मला लागू पडेनात, तेव्हा त्यांच्या संशोधनातल्या नव्या गोळ्या सुरू झाल्या. दर महिन्याला मी गडमुडशिंगीहून कोल्हापूरला त्यांच्याकडं जायची. दवाखान्यातले इतर लोक माझ्यापासून हातभर लांब बसत. डॉक्टर मात्र मी नेलेलं ताक सगळ्यांदेखत पीत, आणि माझं वजन वाढलं की स्वतःचंच वाढल्यासारखे खूश होत.

गावात माझा आजार कुणाला ठाऊक नव्हता. मग पेपरात या गोळ्यांवरच्या त्यांच्या भाषणाची बातमी आली. मागच्या पडद्यावर माझा फोटो होता. डोळ्यांवर काळी पट्टी होती, पण हातावरचं गोंदण स्वच्छ दिसत होतं. आठवड्याभरात गावच्या डेअरीनं माझ्या म्हशीचं दूध घ्यायचं बंद केलं.

मी तो पेपर त्यांच्या टेबलावर ठेवला. "सायेब, ह्यो माझा हात हाय."

त्यांनी पेपर डोळ्यांजवळ धरून बघितला. "चेहरा तर झाकलाय," ते म्हणाले.

"गाव हात बी वळखतंय की. माझं दूध कोण घेईना आता."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता चुकलं म्हणतील. ते हळूच म्हणाले, "पण औषध लागू पडलं ना?"

"पडलं की," मी म्हणाले. ते खरंच होतं. पुढच्या महिन्याच्या गोळ्या पिशवीत टाकून मी उठले. त्या दुसरीकडं कुठंच मिळत नव्हत्या.