भाऊ फाटकाबाहेर बसले होते

लोणावळा स्टेशनवर भाऊंनी माझी बॅग डब्यात चढवून दिली आणि म्हणाले, "आता बरा झालायस. तिकडं नीट ऱ्हा." भाऊ म्हणजे माझे वडील, जवळच्या औंढे गावातले विज्ञानाचे सर. मी मान हलवली. बंगळूर येईपर्यंत त्या मान हलवण्याची मला चीड येत होती.

बरा कशातून, ते सांगतो. मला पुरुष आवडतात. घरी सांगितलं तेव्हा आई रडली, आणि लोणावळ्यातच तुंगार्लीच्या एका बंगल्यात कुणी महाराज 'असल्या' मुलांना सरळ करतात, हे भाऊंनी शोधून काढलं. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, भाऊंनी बावीस प्रतिज्ञा आम्हा भावंडांकडून पाढ्यांसारख्या घोकून घेतल्या. तरी मला तिथे नेलंच. स्वतः मात्र फाटकाबाहेर बसले. त्यांना म्हणे प्रतिज्ञा मोडायची नव्हती! अकरा दिवस मी आत उपाशीपोटी जप करत होतो आणि ते रोज येऊन बाहेर पेपर वाचत होते. तो राग अजून गेलेला नाही.

बाराव्या दिवशी एक फॉर्म पुढे आला: 'माझ्यात बदल झाला आहे.' सही केली की सुटका. मी केली.

आता बंगळुरात नोकरी आहे, पीजी सुटलं, फ्लॅट आला. वीकेंडला समीर आणि मी इंद्रायणी तांदूळ शोधत दुकानं पालथी घालतो. भाऊंच्या लेखी समीर माझा रूममेट. फोनवर भाऊंशी या उपचारांवरून वाद चालतो, पण मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्यासारखा बोलतो. हा आजारच नाही, असले उपचार लागू पडत नाहीत, उलट माणूस खचतो, हे डॉक्टरांनी कधीच सांगून टाकलंय. भाऊ म्हणतात, "शास्त्रात दोन्ही बाजू ऐकायच्या असत्यात." दुसऱ्या बाजूला आहे काय? 'बदललो' म्हणणारी माणसं, आणि तेच ऐकायला टपलेले त्यांचे घरचे. "मंग तुझी सही?" असं भाऊंनी विचारलं की मी तिकडच्या पावसापाण्याचं विचारतो.

गेल्या महिन्यात आंदर मावळातून एका बाईंचा फोन आला. नंबर भाऊंनीच दिलेला, 'पोरगा बरा झाला' असं सांगून. "दादा, महाराजांनी तुमचा कागद दावला. तुमी बरं झालात म्हनं. माझी पोर बी तशीच हाय. तिला ठिवू का तितं?"

"नका ठेवू, मावशी. मी खोटं लिहिलं होतं."

"आन सर? सर खोटं बोलतील व्हय?"

त्यांनी फोन ठेवला. आता उचलत नाहीत.

भाऊ, म्हणून हे तुम्हाला लिहितोय. नोंद खोटी निघाली की प्रयोग बाद, हे तुम्हीच शिकवलंत. माझी नोंद खोटी आहे. मी होतो तसाच आहे आणि समीर माझा रूममेट नाही. जिथे यायला मला ती सही लागते, त्याला मी आता घर म्हणत नाही. मावशी माझं ऐकणार नाहीत, सरांचं ऐकतील. त्यांच्या गावाला एसटी क्वचितच जाते, तेव्हा चालत जावं लागलं तरी जा. आणि या वेळी बाहेर बसू नका, त्यांच्या घरात आत जाऊन खरं सांगा.