ओझेला बॅस्कमची सलग गल्ली

ओझेला बॅस्कमच्या तोंडी लागू नये, हे बर्मिंगहॅमच्या पश्चिम भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाई आधी शाळेच्या स्वयंपाकघरात राबली, मग बायकांचे केस सरळ करायच्या दुकानात, आणि चाळिशी उलटल्यावर मॅग्नोलिया रेडिओसाठी जाहिराती गोळा करायला लागली. डोक्यावर पिवळी हॅट, काखेत पर्स आणि सुजलेल्या घोट्यांना न जुमानता उंच टाचांचे बूट. कुणी जाहिरातीला नाही म्हटलं, तर ती म्हणायची, "नको देऊ बाबा. फक्त रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसू नकोस." तो माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं जाहिरात घेऊन हजर!

मॅग्नोलिया म्हणजे आमचं स्टेशन. बाकीच्या स्टेशनांवर आमच्या काळ्या लोकांची गाणी औषधालाही सापडत नसत, इथं मात्र सकाळपासून तीच. मध्येमध्ये कोण आजारी आहे, कुठल्या चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण आहे, कुणाचा कुत्रा हरवलाय, तेही. सांगायला डॉक्टर हनी. डॉक्टर कसला, आधी भट्टीवर पोलाद ओतणारा क्लीव्हॉन टेट तो. पण आवाज म्हणजे गरम मक्याच्या ब्रेडवर लोणी सोडावं तसा.

एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात स्टेशनच्या मालकानं ओझेलाला बोलावलं. "हार्लन फर्निचरवाला जाहिरात काढून घेतोय. तो गेला की मला स्टेशन विकावंच लागेल. घेणारा अटलांटाचा आहे. आपली गाणी बंद, माणसंही बंद."

ओझेलाच्या पायाखालची वाळूच सरकली. ती तशीच उठून हार्लनच्या दुकानात गेली.

हार्लन गोरा, सभ्य, मोजकं बोलणारा. "बाई, श्रोते मोजणाऱ्यांच्या आकड्यांत तुमचं स्टेशन दिसतच नाही. ऐकतंय कोण?"

"मोजणीवाले आमच्या गल्लीत कधी फिरकलेत का?" ओझेला कडाडली. "हातच्या काकणाला आरसा कशाला? उद्या दुपारी माझ्याबरोबर चाला. गल्लीच्या एका टोकाला गाणं सुरू होईल, ते दुसऱ्या टोकापर्यंत तुटणार नाही. तुटलं तर खुशाल जा, मी चकार शब्द काढणार नाही."

ओझेला चकार शब्द काढणार नाही म्हणाली, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. घराघराच्या ओसरीवर रेडिओ, खिडक्या सताड उघड्या. एका घराशी रेडिओतली बाई गायला लागली, तर पुढच्या घराशी तिची ओळ पुरी होत होती. न्हाव्याच्या दुकानात तेच गाणं, मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या गाडीखालून तेच. हार्लन एकदा थांबला, मागे वळून पाहिलं, पुन्हा चालू लागला. ओझेलाही कान देऊन चालत होती. रोजची तिची गल्ली, पण गाणं असं सबंध तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

आणि म्हाताऱ्या पोझीच्या घरापाशी गाणं तुटलं.

खिडकी उघडी, पण आत चिडीचूप. हार्लननं तिच्याकडे पाहिलं. हसला नाही, फक्त हॅट सारखी केली. बायबलवर हात ठेवून दिल्यासारखा शब्द दिला होता तिनं. संपलं!

तेवढ्यात शेजारची लुवेनिया पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. समोरच्या घरातूनही एक जण आला.

"मिस ओझेला, पोझीकाकांचा रेडिओ बंद का गं?"

"मला काय विचारतेस? तुझं लक्ष—"

"अगं, तो माणूस झोपेतही बंद करत नाही!"

हार्लन, जाहिरात, शब्द, सगळं विसरून ओझेला टाचांचे बूट वाजवत पायऱ्या चढली. पोझी स्वयंपाकघरात आडवा. पडताना त्यानं रेडिओची वायर हिसकली होती. एका बाजूचं तोंड वाकडं झालेलं, पण छाती हलत होती.

लुवेनियानं आधी अँब्युलन्सला फोन केला. "येऊ म्हणतात. कधी, ते काही सांगत नाहीत." आमच्या भागाला ते नवं नव्हतं. मग तिनं स्टेशनला फोन लावला.

गल्लीभर गाणं मध्येच थांबलं. डॉक्टर हनी म्हणाला, "अर्लीन पोझीच्या बसमध्ये कुणी बसलंय का? असाल तर तिला सांगा, बाबा पडलेत, घरी ये. आणि भल्या माणसांनो, तिच्या वाटेतून बाजूला व्हा."

पोझीची ही थोरली लेक शहराची बस चालवायची. लोक वाट पाहत उभे राहिले. आणि काय सांगू! जिथं सायकल वळवायची पंचाईत, त्या गल्लीत कोपऱ्यावरून अख्खी बस शिरली, खचाखच उतारूंसकट. अर्लीन उडी मारून उतरली. मागून मांडीवर ट्रान्झिस्टर घेतलेली एक आजी खिडकीतून ओरडली, "बघत काय उभे राहिलात? उचला त्यांना, आणा आत!"

चौघांनी उचललं. पायाकडून कुणी धरलं होतं, माहीत आहे? हार्लननं. त्याची हॅट ओसरीवरच पडली. बसमधून एकही माणूस उतरला नाही. ज्याला कामावर जायचं तोही बसला, ज्याला घरी जायचं तोही.

हॉस्पिटलच्या वाटेवर चौकाचौकांत माणसं रस्त्यात उतरली होती. कुणी एप्रनमध्ये, कुणी गळ्याभोवती न्हाव्याचा कपडा बांधून, अर्धी दाढी झालेला. हात आडवे करून मोटारी अडवत होते. कुणी त्यांना नेमलं नव्हतं. सिग्नल लाल होता आणि बस थांबत नव्हती. म्हाताऱ्याचे पाय मांडीवर घेऊन हार्लन बाहेर बघत होता. ओझेलाही बघत होती. इतकी वर्षं जाहिरातींची मिनिटं विकली तिनं. आपण नक्की काय विकतोय, हे आज तिच्या डोळ्यांपुढून चाललं होतं. ती ढसाढसा रडली आणि पुसायला हातरुमालही सापडेना.

म्हातारा वाचेल, असं डॉक्टर म्हणाले, खरे डॉक्टर. तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

बाहेर बाकावर हार्लन म्हणाला, "बाई, जाहिरात चालू ठेवा."

"गाणं तुटलं होतं, साहेब," ओझेला नाक ओढत म्हणाली. "मी शब्द दिला होता."

"तुटलं म्हणून तर कळलं," तो म्हणाला, आणि सवयीनं डोक्यावर नसलेली हॅट चाचपायला लागला.

ती हॅट आणायला ओझेला एकटीच पायी परत आली. संध्याकाळची उन्हं ओसरीवर उतरली होती. दोन्हीकडच्या घरांतून गाणं चालू होतं, मधलं घर तेवढं मुकं. तिनं आत जाऊन सांडलेला चहा पुसला, रेडिओ उचलून टेबलावर ठेवला आणि वायर भिंतीत खोचली.